पाण्याचे विद्युत अपघटन: धनाग्रावरील वायूत काडी पेटत का नाही?

विज्ञान शिक्षिका, अक्कलकोट तालुका (सोलापूर):
नमस्कार. विजेने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे विघटन दाखवण्यासाठी टॉर्चच्या जुन्या सेलमधील कार्बनच्या कांड्या, ९ व्होल्टची बॅटरी आणि मीठ घातलेले बोअरचे पाणी अशी मांडणी आम्ही वर्गात केली. ऋणाग्रावरील (बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या कांडीवरील) वायूजवळ, म्हणजे हायड्रोजनजवळ, जळती काडी नेताच ‘फट्’ असा आवाज होतो. परंतु धनाग्रावरील (धन टोकाच्या कांडीवरील) वायू त्याच्या निम्म्याहूनही बराच कमी जमतो आणि ऑक्सिजनमध्ये घेते तशी धुमसती काडी त्यात पेट घेत नाही. मुलांना हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे २:१ हे प्रमाण प्रत्यक्ष दाखवायचे आहे, काय बदलावे?

निवृत्त प्राध्यापक, सोलापूर:
मॅडम, तुमच्या धनाग्रावर मुख्यतः क्लोरीन तयार होत आहे. मिठामुळे द्रावणात क्लोराइड आयन (क्लोरीनचे ऋणभारित कण) मुबलक असतात, ते धनाग्रावर इलेक्ट्रॉन देऊन क्लोरीन होतात, आणि त्याचा बराच भाग पाण्यातच विरघळत असल्याने नळी भरत नाही. ओला निळा लिटमस धरल्यास तो तांबडा होऊन त्याचा रंगच उडेल. हा वायू विषारी आहे, म्हणून मुलांना तो हुंगू देऊ नका आणि खिडक्या उघड्या ठेवा. मिठाऐवजी धुण्याचा सोडा घ्या. खाण्याच्या सोड्यातून धनाग्राजवळ कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणून तो नको. बोअरच्या पाण्यातही क्लोराइड असतात, तेव्हा बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड पाणी वापरावे.

प्रयोगशाळा सहायक, बार्शी:
सरांनी सांगितलेले बदल करूनही कार्बनची कांडी अडचण करील, कारण धनाग्रावरील ऑक्सिजनचा काही भाग त्याच कार्बनशी संयोग पावतो. १८०० साली निकोल्सन आणि कार्लाइल या इंग्रज संशोधकांनी पाण्याचे असेच अपघटन करताना प्रथम पितळी तारा घेतल्या, तेव्हा धनाग्राची तारच गंजली. प्लॅटिनमच्या तारा घेतल्यावर त्यांना ऑक्सिजन मिळाला. शाळेत निकेलच्या पट्ट्या उत्तम. त्या नसल्यास स्टेनलेस स्टील चालेल, पण केवळ धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात, कारण मिठाच्या पाण्यात स्टील झिजून क्रोमियमची घातक संयुगे तयार होऊ शकतात.

विज्ञान शिक्षिका:
मनःपूर्वक आभार. मोजणी सुरुवातीपासूनच करावी का?

निवृत्त प्राध्यापक:
नाही. ऑक्सिजन पाण्यात हायड्रोजनपेक्षा सुमारे दीडपट विरघळतो, म्हणून प्रवाह काही मिनिटे चालू देऊन द्रावण वायूंनी संपृक्त (आणखी वायू विरघळणार नाही असे) होऊ द्यावे आणि मगच द्रावणाने भरलेल्या नळ्या उपड्या ठेवाव्यात. हायड्रोजनची नळी तोंड खाली ठेवूनच, मांडणीपासून दूर नेऊन तपासावी.