वावर सपाट करायला मिनी ट्रॅक्टर पुरतो, की जेसीबीच लावावा?

धागाकर्ता, हिंगणा
आमचं अडीच एकर काळीचं वावर आहे. संत्र्याची म्हातारी झाडं काढली, खड्डे तसेच राहिले. मधला भाग खोलगट, तिथं पावसाळ्यात सोयाबीन पिवळं पडते. घरी 24 एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे, मागं ब्लेड. जो तो म्हणतो, जेसीबी बोलाव, एका दिवसात मोकळा हो. मला हे अजिबात पटत नाही. शेजारच्या वावरात चालकानं उंचवट्यावरची काळी ओढून खड्ड्यात घातली आणि वर मुरूम उघडा पडला. तीन वर्षं झाली, त्या तुकड्यात तूर धरत नाही. मिनीनं बोटबोट कापता येतं.

काटोल
भाऊ, हिशोब करा. एका एकरातून एक इंच माती म्हणजे 3,630 घनफूट, 36 ब्रासच्या वर (ब्रास म्हणजे 100 घनफूट)! एवढी मिनीनं ओढाल तर क्लच जाईल. अन् जेसीबीला दोष काहून देता? आधी वरची काळी एका कडेला ढीग लावून ठेवायची, खालचं सपाट करायचं, मग काळी परत पसरायची. मी असंच केलं, पहिल्याच वर्षी कपाशी चांगली आली.

धागाकर्ता
म्हणजे तीच माती दोनदा उचलायची, भाडंही तेवढं वाढलं. माझा कापायचा उंचवटा जेमतेम दहा गुंठ्यांचा आहे. इंचाला नऊ ब्रास. ते मी दोन हंगामांत करीन.

उमरेड
मिनीत ताकदीपेक्षा आखूडपणा नडतो. पुढची चाकं उंचवट्यावर चढली की मागचं ब्लेड रुततं, खड्ड्यात उतरली की उचललं जातं. नुसत्या ब्लेडनं फिरत राहाल तर वावरात लाटा उठतील, माझ्या वावरात उठल्या होत्या. आधी कल्टिव्हेटर मारून माती मोकळी करा, ब्लेडनं ढोबळ ओढा. मग सात-आठ फूट लांबीची लोखंडी चौकट करा, पुढं-मागं दोन आडव्या पट्ट्या असलेली, आणि ती ओढा. उभी, आडवी, मग तिरपी. लांब चौकट खड्ड्यावरून पुलासारखी जाते, मागची पट्टी भर घालते. ओल्या काळीत मात्र शिरू नका, वाफसा आल्यावरच, म्हणजे माती चिकट ओली नाही अन् कोरडी ठक्कही नाही तेव्हा.

कळमेश्वर
सपाट, सपाट काय लावलंय? काळीत पाणी हळू मुरते. पुन्हा संत्रा लावणार असाल तर बुंध्याशी पाणी साचून डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, येईल, मग झाड हातचं गेलं. शंभर फुटांना अर्धा फूट उतार नाल्याकडं ठेवा. यंत्र कोणतंही आणा, त्याआधी पाणनळीनं लेव्हल काढून खुंट्या ठोका.

काटोल
उताराचं पटलं. पण खोलगटात घातलेली भर पहिल्या पावसात खाली बसते. मिनीच्या हलक्या चाकांनी ती दबणार कशी?

धागाकर्ता
चार बोटांचे थर देऊन, प्रत्येक थरावर चाक फिरवून. तरी बसेलच, म्हणून तर दोन हंगाम धरलेत. खुंट्या या रविवारी ठोकतो. संत्र्याचं ठरेपर्यंत त्या तुकड्यात हरभरा.