‘परवानगी’, ‘अधिकार’, ‘मुभा’ : सामायिक फोल्डरांच्या त्रुटींसाठी कोणता शब्द कोठे योजावा?

प्रश्न

लिनक्स सर्व्हरवरील सामायिक फोल्डर वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी मी मराठीत एक मार्गदर्शिका लिहीत आहे. ‘पर्मिशन डिनाइड’, ‘ऑपरेशन नॉट पर्मिटेड’ आणि ‘ॲक्सेस डिनाइड बाय सर्व्हर’ या तिन्ही संदेशांसाठी मी मसुद्यात ‘परवानगी नाकारली’ असेच लिहिले होते. त्यावर एका वाचकाने ‘कोणी नाकारली?’ असे विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. या तिन्हींसाठी वेगळे शब्द योजणे योग्य ठरेल का, की ती केवळ शब्दांची हौस होईल?

पहिला प्रतिसाद

वाचकाचा प्रश्न अचूक आहे आणि दुरुस्तीची सुरुवातही तेथूनच होते. मराठीत परवानगी मागितली जाते आणि कोणीतरी ती देतो. अधिकार मात्र मागण्यापूर्वीच असतो किंवा नसतो. फाइलवर लिहिलेली वाचन, लेखन व चालवणे ही त्रयी कोणी प्रसंगी देत नाही, ती आधीपासून नोंदलेली असते. म्हणून तिला ‘अधिकार’ म्हणावे. एनएफएस (नेटवर्कवरून फोल्डर सामायिक करण्याची पद्धत) हिच्या एक्सपोर्ट्स फाइलमध्ये, म्हणजे कोणत्या यंत्राला काय वापरू द्यायचे याच्या यादीत, प्रशासक अमुक यंत्राला फोल्डर वापरू देतो, तेथे ‘मुभा’ हा शब्द चपखल बसतो.

आता तुमचे तीन संदेश पाहा. ‘ॲक्सेस डिनाइड बाय सर्व्हर’ हा माउंट करतानाच (सर्व्हरवरील फोल्डर आपल्या यंत्राला जोडतानाच) येतो, म्हणजे फाइलपर्यंत गोष्ट पोहोचलेलीच नसते. तेथे ‘सर्व्हरने या यंत्राला मुभा दिलेली नाही’ असे लिहावे. यंत्राचा पत्ता यादीत नसणे किंवा यादी बदलल्यावर ‘एक्सपोर्टएफएस -आरए’ ही आज्ञा द्यायची राहणे, ही याची नेहमीची कारणे असतात. ‘पर्मिशन डिनाइड’ ही कर्नलची (प्रणालीच्या गाभ्याची) त्रुटी क्रमांक १३ असून तिचा अर्थ बहुतेक वेळा ‘या फाइलवर किंवा फोल्डरवर तुम्हाला हा अधिकार नाही’ असा होतो. ‘ऑपरेशन नॉट पर्मिटेड’ ही त्रुटी क्रमांक १ आहे. एखाद्या सामान्य वापरकर्त्याने दुसऱ्याच्या फाइलचा मालक किंवा अधिकार बदलू पाहिले की ती दिसते. तिच्यासाठी ‘ही कृती तुमच्या अधिकारकक्षेत नाही’ हे मला सर्वांत नेमके वाटते, कारण येथे वाचन-लेखनाचे सर्व अधिकार असूनही उपयोग होत नाही.

एक्सपोर्ट्स फाइलविषयी एक सूचना मार्गदर्शिकेत अवश्य घालावी. यंत्राचे नाव आणि त्यापुढील कंस यांच्यामध्ये एक मोकळी जागा राहिली, तर त्या यंत्राला केवळ वाचनाची मुभा मिळते आणि कंसातील लेखनाची मुभा मात्र साऱ्या जगाला जाते. वापरकर्ता ‘लिहिता येत नाही’ अशी तक्रार करतो आणि त्याच वेळी फोल्डर इतरांसाठी सताड उघडे असते.

दुसरा प्रतिसाद

वरील विभागणी मान्य आहे. फक्त ‘चालवणे’ या शब्दाला माझी हरकत आहे. फाइलच्या बाबतीत तो ठीक आहे, परंतु फोल्डरवरील ‘एक्स’ या खुणेचा चालवण्याशी काहीही संबंध नसून, त्या फोल्डरमधून पुढे जाता येणे एवढाच तिचा अर्थ आहे. मी तिला ‘वाटेचा अधिकार’ म्हणतो. सातबारा तुमच्या नावाचा असला तरी शेजारच्या बांधावरून रस्ता नसेल तर शेतात जाता येत नाही, आणि म्हणूनच महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये बांधावरील रस्त्याच्या हक्कासाठी कलम १४३ स्वतंत्र आहे. येथेही तसेच होते. सामायिक फोल्डरवर सर्व अधिकार असतात, परंतु तो एखाद्याच्या ७०० अधिकार असलेल्या (म्हणजे फक्त मालकालाच खुल्या) होम फोल्डरच्या आत ठेवलेला असतो, त्यामुळे इतर कोणालाही तेथवर पोहोचता येत नाही. ‘नेमआय -एल’ ही आज्ञा संपूर्ण मार्ग देऊन चालवली, तर वाटेतील प्रत्येक फोल्डरचे अधिकार एकाखाली एक दिसतात आणि अडलेली जागा लगेच सापडते. आतल्या फोल्डरला ‘चमॉड ७७७’ (सर्वांना सर्व अधिकार) देऊन येथे काहीच साधत नाही. मात्र पुढे वाट मोकळी झाली की तोच फोल्डर सर्वांना लिहिण्यास खुला होतो. गटाने मिळून काम करावयाचे असेल तर २७७० (मालकाला व गटाला सर्व अधिकार, इतरांना काही नाही, आणि आतील नव्या फाइली त्याच गटाच्या) आणि योग्य गट एवढे पुरते.

तिसरा प्रतिसाद

‘मालक’ या शब्दाबाबतही सावध राहावे. एनएफएसच्या साध्या सुरक्षा पद्धतीत सर्व्हरकडे वापरकर्त्याचे नाव जात नाही, त्याचा क्रमांक जातो. एका यंत्रावर १००१ हा क्रमांक ज्याचा आहे, त्याच क्रमांकाचा सर्व्हरवरील वापरकर्ता भलताच असू शकतो, आणि मग स्वतःच्या फाइलवर स्वतःलाच अधिकार उरत नाही. ‘एलएस -एलएन’ दोन्हीकडे चालवून क्रमांक ताडून पाहावेत. याच पद्धतीत एका मागणीबरोबर जास्तीत जास्त १६ गट पाठवता येतात, त्यामुळे सतराव्या गटातून मिळणारा अधिकार मूकपणे गळून पडतो. हे कारण लवकर सुचत नाही.

‘रूट स्क्वॉश’साठी कोणी ‘रूट चिरडणे’ लिहू नये, ही विनंती. रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी प्रशासक खात्याच्या, मागण्या सर्व्हर ‘नोबडी’ या खात्याच्या नावे, बहुधा ६५५३४ या क्रमांकाने, हाताळतो. म्हणून ‘रूटचा दर्जा उतरवणे’ असे म्हणावे. ही सोय मुळातच चालू असते, आणि रूट असूनही त्रुटी १३ का येते हे त्या शब्दांतून आपोआप कळते. ‘नोबडी’चे भाषांतर मात्र करू नये, कारण ते खात्याचे नाव आहे.

चौथा प्रतिसाद

साम्बासाठी (विंडोज यंत्रांनाही लिनक्सवरील फोल्डर वापरू देणाऱ्या प्रणालीसाठी) ‘ओळख’ हा चौथा शब्द लागेल. ‘लॉगॉन फेल्युअर’ म्हणजे ओळखच पटली नाही. साम्बाची पासवर्डांची नोंद सामान्यतः लिनक्सहून वेगळी असते आणि ‘एसएमबीपासडब्ल्यूडी -ए’ने ती करावी लागते. ‘ॲक्सेस डिनाइड’मध्ये ओळख पटलेली असते, परंतु साम्बाची मुभा आणि फाइलचा अधिकार यांपैकी जे कडक असेल तेच लागू होते. साम्बात ‘रीड ओन्ली’ मुळात चालूच असते, ही पहिली शंका.

पहिल्या प्रतिसादाचे लेखक

‘ओळख’ स्वीकारावा. त्याबरोबर ‘मज्जाव’ हा पाचवा शब्द सुचवतो. फेडोरा, आल्मालिनक्स यांसारख्या प्रणालींवर एसईलिनक्सचे (फाइलींच्या अधिकारांखेरीज असलेल्या आणखी एका सुरक्षा व्यवस्थेचे) धोरण मुळापासून लागू असते. मुभा आणि अधिकार दोन्ही असले तरी फोल्डरवर ‘साम्बा_शेअर_टी’सारखी योग्य खूण नसेल तर साम्बाला मज्जाव होतो आणि वापरकर्त्याला संदेश मात्र तोच जुना दिसतो. ‘एलएस -झेड’ने खूण पाहावी आणि ‘एयूसर्च’ने मज्जावाची नोंद शोधावी. ‘चकॉन’ने लावलेली खूण पुढे सर्व खुणा नव्याने लावताना पुसली जाते, त्यामुळे ‘सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट’ आणि ‘रिस्टोअरकॉन’ हीच जोडी मार्गदर्शिकेत द्यावी.