अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलंय, बाकी एलएफटी (लिव्हरच्या रक्ततपासण्या) नॉर्मल. लिव्हर की हाडं?

आईचं (वय ६१) रुटीन चेकअप केलं. अल्कलाइन फॉस्फेटेज २१८ आलंय, लॅबची नॉर्मल रेंज ४० ते १३०. एसजीपीटी २४, एसजीओटी २७, बिलिरुबिन ०.६, म्हणजे बाकी सगळं जागच्या जागी. कावीळ, खाज, उलट्या काही नाही. भूक चांगली. बीपीची एक गोळी चालू आहे.

हा आकडा लिव्हरच्या पानावर छापून येतो, त्यामुळे घरात सगळ्यांनी लिव्हरच धरून ठेवलंय. तूप बंद झालं, मावशीचा गुळवेलीचा काढा सुरू झाला. मला वेगळीच शंका येतेय. हे एन्झाइम हाडांतूनही येतं म्हणे, आणि आईची तक्रार तिथलीच आहे: खाली बसली की मांडीवर हात टेकूनच उठते, जिन्यात कठडा सोडत नाही, नडगी दाबली की कळवळते. सांधे सुजलेले नाहीत. दिवसभर फ्लॅटमध्ये, ऊन अंगावर पडतच नाही.

डॉक्टर सोमवारी भेटतील. तोवर सोनोग्राफी करावी, की आधी रक्ताचीच आणखी एखादी तपासणी?

प्रतिसाद १
आधी जीजीटी (लिव्हरचंच आणखी एक एन्झाइम) करा. लिव्हर किंवा पित्तनलिकेतून वाढलं असेल तर सहसा तेही वाढतं, हाडांमुळे असेल तर नॉर्मल राहतं. सोबत व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन), क्रिएटिनिन (किडनीसाठी). डी फारच कमी असेल तर हाडं मऊ पडतात (ऑस्टिओमलेशिया) आणि मांड्यांतली ताकदही जाते. तुम्ही लिहिलंय ते त्यात बसतं. नुसत्या ऑस्टिओपोरोसिसमध्ये हे एन्झाइम बहुधा वाढत नाही, त्यामुळे 'वयोमानाने होतं' यावर थांबू नका. जीजीटी वाढलेलं आलं तर मात्र सोनोग्राफी लागेलच. रक्त उपाशी पोटी दिलं होतं ना? ओ आणि बी रक्तगटाच्या काही लोकांत तुपकट जेवणानंतर थोडं वाढतं, पण इतकं नाही.

प्रतिसाद २
काढा आजच थांबवा. गुळवेलीने लिव्हरला इजा झालेले रुग्ण २०२० मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलेत. उद्या एसजीपीटी वाढलं तर कशामुळे ते कळायचं नाही. आणि व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी रक्त देण्याआधी परस्पर सुरू करू नका.

धागाकर्ता
दोघांचे आभार. रक्त उपाशी पोटीच दिलं होतं. जीजीटी, डी, कॅल्शियम वगैरे उद्या सकाळी देतोय, रिपोर्ट घेऊनच डॉक्टरांकडे जाऊ. काढा बंद केलाय. मावशीला काय सांगायचं, तेवढं कोणीतरी सुचवा.