सोआवे नावाची इटालियन वाइन सावजीसोबत चालेल का?

महालकर: भाचा इटलीहून आला आणि बाटली देऊन गेला. लेबलवर 'सोआवे क्लासिको' आणि 2022. रविवारी घरी सावजी मटण आहे, त्यासोबत काढू का? की जपून ठेवली तर आणखी मुरेल? सध्या स्वयंपाकघरातल्या कपाटात आहे. कूलर फक्त हॉलमध्ये.

काटोलवाला: राजेहो, आधी बाटली फ्रीजमध्ये टाका, मग पुढचं वाचा. मे महिन्यातलं आपलं कपाट म्हणजे भट्टीच. बूच वर सरकलं असेल किंवा बाजूनं ओघळ दिसत असेल तर वाइन उकडली समजा.

ही गार्गानेगा द्राक्षाची वाइन. सोआवे हे वेरोनाच्या पूर्वेचं तटबंदीचं गाव. नियमानं किमान 70 टक्के गार्गानेगा लागतं, उरलेलं त्रेब्बियानो दि सोआवे किंवा शार्डोने. हा वेल फार जोमाचा. आमच्या संत्र्याच्या झाडावर विरळणी केली नाही तर फळ बारीक राहतं, तसंच इथंही: वेलीवर घड भरमसाट ठेवले की वाइन पाणचट. 1968 साली सोआवेला डीओसी (ठरलेल्या हद्दीतल्या वाइनला इटलीत मिळणारा सरकारी दर्जा) मिळालं तेव्हा हद्दीत सपाटीची सुपीक जमीनही आली, तिथं पीक भरपूर निघालं आणि सोआवेचं नाव स्वस्तात गेलं. क्लासिको म्हणजे सोआवे आणि मोन्तेफोर्ते द'आल्पोने इथल्या जुन्या टेकड्या, बऱ्याच ठिकाणी काळ्या बसाल्टच्या. म्हणजे भाच्यानं बाटली बरी निवडली. लिंबू, नाशपाती आणि गिळल्यावर कडू बदामाची हलकीशी चव, तीच तिची खूण.

सावजीसोबत नको. तिखटावर अल्कोहोल म्हणजे आगीत तेल, आणि तो नाजूक बदाम तर्रीत सापडायचाही नाही. वडाभात करा, फोडणीतली मिरची जरा आवरा.

धंतोली_ताई: यातलीच गोड 'रेचोतो दि सोआवे' मिळाली तर सोडू नका. द्राक्षं काढून काही महिने सुकवतात, मग रस काढून वाइन करतात. संत्रा बर्फीसोबत मस्त.

बर्डीवाला: बर्फ टाकून पी बे, काहून एवढा विचार करतो!

काटोलवाला: बर्फ गंजात टाका, ग्लासात नाही. बर्फ, पाणी, मूठभर मीठ, त्यात बाटली वीसेक मिनिटं.

मुरवण्याचं म्हणाल तर चांगली क्लासिको काही वर्षं टिकते, पण थंड तळघरात. नागपुरात याच आठवड्यात उघडा.

महालकर: बूच जागेवर आहे, ओघळ नाही. पिणारे आम्ही दोघंच. उरली तर?

काटोलवाला: तेच बूच लावून फ्रीजमध्ये. दोन-तीन दिवसांत संपवा.