संत्र्याचा गोळा दगडासारखा होतो त्याबद्दल

एकांनी विचारलंय की आइस्क्रीमसारखा मऊ गोळा करायला नुसत्या संत्र्याच्या फोडी गोठवून मिक्सरला लावल्या तर दगड का होतो, अन् मिक्सर का अडकतो. संत्र्यात पाणीच जवळपास 87 टक्के, अन् ते धरून ठेवणारा दाट गर नाही. केळ घाला. साल-बिया काढलेल्या 400 ग्रॅम फोडींना दोन केळी, सालीवर काळे ठिपके आलेलीच, आणि तीन चमचे पिठीसाखर. साखर नुसत्या गोडीसाठी नसते, तिच्यामुळे पाणी कडक गोठत नाही. साखरेत हात आखडला की बर्फाचे खडे आलेच.

फोडींचा पापुद्रा आणि बिया मात्र आळस न करता काढा. नागपुरी संत्र्याचा रस ठेवल्यावर कडवटतो तो त्यांच्यामुळेच.

मिक्सर अडकतो म्हणता, तर फोडी आणि केळ्याच्या चकत्या ताटात सुट्या पसरून रात्रभर गोठवा. काढल्यावर सातेक मिनिटं बाहेर राहू द्या. चटणीचं भांडं, तेही अर्धंच भरायचं. सलग फिरवू नका, दोन-तीन सेकंदांचे झटके द्या, मधेमधे बंद करून कडेचं खाली ढकला. आधी वाळूसारखा भुगा दिसेल. इथंच लोक घाबरून पाणी ओततात अन् सरबत करून बसतात! धीर धरा, थोड्या वेळात भुगा जुळून मऊ गोळा होतो. मोटर थांबलीच तर बुडाचं लाल बटण दाबण्याआधी तिला गार होऊ द्या.

सीताफळाचा असाच गोळा करायचा तर गर चाळणीवर हातानंच सोडवा, बी मिक्सरमध्ये जाता कामा नये. गर तापवूही नका, कडू होतो.

भारनियमन असेल तर उरवू नका. वितळून पुन्हा गोठलं की परत खडे.