मदत हवी आहे : वडिलांना नेहमीचे चूर्ण लागू पडेनासे झाले आहे

डोंगरवाट :
नमस्कार. माझे वडील जुन्नर तालुक्याच्या पश्चिम भागातील आमच्या गावी राहतात. त्यांना बद्धकोष्ठाचा जुना त्रास असून रात्री झोपताना चमचाभर चूर्ण कोमट पाण्यातून घेतल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. गेल्या दोन-तीन महिन्यांत एका चमच्याने भागेना म्हणून ते दोन चमचे घेऊ लागले आणि आता तेही पुरत नाही. मी शनिवारी गावी जाणार आहे, तेव्हा याहून जोरकस पण आयुर्वेदिकच असे कोणते चूर्ण न्यावे, एवढेच सांगावे. डॉक्टरांकडे जाण्याचा सल्ला कृपया नको. तालुक्याला जायचे म्हटले की सबंध दिवस मोडतो आणि वडील पोटासाठी जायला तयार होत नाहीत.

काटेसावर :
चूर्णाची मुळीच गरज नाही. मी बारा वर्षे पहाटे उठल्याबरोबर तांब्याच्या भांड्यातील दोन पेले पाणी पितो आणि मला कधीही औषध लागलेले नाही. वडिलांना उद्यापासून हेच सुरू करायला सांगा.

निशिगंध :
वडिलांचे वय किती? चूर्णात कोणती द्रव्ये आहेत आणि ते किती वर्षे चालू आहे? दुसरी कोणती औषधे ते घेतात का? शौचातून रक्त जाणे, शौच डांबरासारखे काळे होणे किंवा वजन उतरणे असे काही आहे का? एवढे कळल्याशिवाय कोणीही उत्तर देऊ नये, असे मला वाटते.

डोंगरवाट :
वय ७१. रक्त नाही, वजन होते तेवढेच आहे. चूर्ण साधे आयुर्वेदिक आहे, किराणा दुकानातही मिळते. कृपया नाव सुचवा, माझ्याकडे थोडेच दिवस आहेत.

सुंठसाखर :
'साधे आयुर्वेदिक' या शब्दांवरून काहीच कळत नाही. हिंग्वाष्टक चूर्ण वायूसाठी असते आणि ते तुपाबरोबर पहिल्या घासाला घेतात. त्रिफळा चूर्णाचे काम सौम्य, तर सोनामुखीचे तीव्र. तुमच्या भागात आदिवासी कुटुंबे हंगामात बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकतात. कोवळ्या फळाचा तो हिरडा एरंडेलात परतून, पूड करून दिल्यास कोठा हलका होतो. घरच्या डोंगरात औषध असताना डबीतले कशाला?

काटेसावर यांना एक विचारावेसे वाटते. सगळ्यांनाच पहाटे दोन पेले पाणी कसे सोसेल? अग्नी मंद असलेल्या वृद्धाला त्याने जडपणाच येतो.

काटेसावर :
माझ्या आईला ८० व्या वर्षी सोसले. अनुभव हा अनुभव असतो.

अंगणवेल :
आमच्या नातवाच्या पोटात वायू धरला की हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लावतो आणि ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकतो. बाळ दहा मिनिटांत शांत होते. जरूर करून पाहा.

डोंगरवाट :
इथे बाळाचा प्रश्न नाही. वडिलांना फोन केला, त्यांनी डबी खिडकीशी धरून मला वाचून दाखवली : सोनामुखी, जेष्ठमध, बडीशेप, शुद्ध गंधक, साखर. नऊ वर्षे रोज घेत आहेत. दुसरी औषधे म्हणजे रक्तदाबाची एक गोळी आणि सकाळी पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी, एक गोळी. पोटाशी त्यांचा संबंध नाही म्हणून लिहिले नव्हते. रक्तदाब हल्ली आटोक्यात नसल्यामुळे दिवाळीनंतर गोळी वाढवली आहे. रात्री पिंडऱ्यांत गोळे येतात, जिना चढताना पाय जड होतात, पण ते वयामुळे असावे.

प्रवाही :
मी औषधविक्रेता आहे. तुम्ही आधी न लिहिलेल्या दोन ओळींत सगळा मुद्दा होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

खाल्लेले अन्न जठरात साधारण दोन ते चार तास राहते, पुढे सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यात त्याचे पोषण शोषले जाते आणि उरलेला पातळ भाग जेमतेम दीड मीटरच्या मोठ्या आतड्यात दिवसभर किंवा त्याहून अधिक काळ रेंगाळतो. तिथे त्यातील पाणी शोषले जाऊन मळ घट्ट होतो. सोनामुखीतील द्रव्ये लहान आतड्यात जवळजवळ तशीच राहतात. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांचे विघटन करतात तेव्हा कुठे ती कामाला लागतात, आतड्याच्या स्नायूंना चालना देतात आणि पाणी शोषू देत नाहीत. रात्री घेतलेले चूर्ण सहा ते बारा तासांनी, म्हणजे सकाळी काम करते ते यामुळे. मात्र त्या पाण्याबरोबर पोटॅशियमही बाहेर पडते. पाण्याच्या बहुतेक गोळ्या लघवीवाटे पोटॅशियम घालवतात. जेष्ठमध रोज पोटात गेले तर मूत्रपिंड मीठ धरून ठेवते व पोटॅशियम सोडते, शिवाय रक्तदाब चढतो.

आता हे एकत्र पाहा. पोटॅशियम उतरले की स्नायू दुबळे होतात. पिंडरीचा स्नायू गोळा येऊन ते दाखवतो, आतड्याचा स्नायू मंद पडून. आतडे मंद झाले म्हणून वडील दुसरा चमचा घेतात आणि त्या दुसऱ्या चमच्याने पोटॅशियम आणखी उतरते. हे फार उतरले तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि मला खरी काळजी त्याची आहे. जोरकस चूर्ण कृपया नेऊ नका. शनिवारची वाट न पाहता सोडियम-पोटॅशियमची रक्ततपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना डबी दाखवा. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका.

सुंठसाखर :
तुमचे म्हणणे मान्य आहे, पण दोष वनस्पतीच्या माथी मारू नये. सोनामुखी ही रोज घ्यायची वस्तू नव्हे, हे कोणताही वैद्य सांगेल. नऊ वर्षांत एकदाही नाडी न दाखवता डबी आणली गेली, चूक तिथे आहे. माझा हिरड्याचा सल्लाही गोळ्या ठाऊक नसताना दिला होता, तो मी मागे घेतो.

निशिगंध :
मूळ बद्धकोष्ठ कशामुळे आहे ते अजून कोणी विचारले नाही. जेवणात काय असते? पाणी किती पितात? शौचालय कोणत्या पद्धतीचे आहे?

डोंगरवाट :
कवळी सैल झाल्यापासून भाकरी आणि पालेभाजी सुटली आहे. दोन्ही वेळेस मऊ भात व आमटीचे पाणी. रात्री उठावे लागते म्हणून दुपारनंतर पाणी टाळतात. गुडघ्यांमुळे गेल्या वर्षी कमोड बसवला. भावाला आजच त्यांना घेऊन तालुक्याला जायला सांगितले आहे.

निशिगंध :
मग कारणे तुम्हीच सांगितलीत. चोथा नाही, पाणी नाही, त्यात कमोडवर बसले की आतड्याचा गुदद्वाराजवळचा बाक पुरता सरळ होत नाही. आमच्याकडे सासऱ्यांच्या पायांखाली देवघरातला जुना पाट ठेवला, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर आले आणि कुंथणे कमी झाले. आधी कवळी दुरुस्त करून घ्या.

डोंगरवाट :
सर्वांना कळवतो. पोटॅशियम २.९ आले, ते ३.५ च्या खाली असू नये असे डॉक्टर म्हणाले. पाण्याची गोळी बदलली, पोटॅशियमचे औषध आठवडाभरासाठी दिले आणि चूर्ण बंद करून इसबगोल सुरू करायला सांगितले. चूर्ण थांबवून दोन दिवस झाले, शौच झालेले नाही, वडील अस्वस्थ आहेत आणि डबी पुन्हा मागत आहेत. इसबगोल नेमके कसे द्यावे?

प्रवाही :
वेळेवर गेलात, फार बरे झाले. नऊ वर्षांच्या सवयीनंतर आतड्याला स्वतःहून चालायला काही दिवस लागतात, तेवढा धीर त्यांना द्या. चौथ्या दिवशीही शौच झाले नाही, पोट फुगले किंवा उलटी झाली तर लगेच डॉक्टरांना दाखवा. इसबगोल संध्याकाळी, झोपण्याच्या बऱ्याच आधी आणि इतर गोळ्यांपासून दोन तासांचे अंतर ठेवून द्यावे. एक चमचा मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळले की मिनिटाभरात त्याची खळ होऊ लागते, ती होण्याआधीच पिऊन टाकावे आणि वर आणखी पाणी प्यावे. कोरडे किंवा दोन घोटांबरोबर घेतले तर ते घशात अडकू शकते. पहिल्या दिवशी कोणीतरी त्यांच्यासमोर बसून प्यायला लावा.

डोंगरवाट :
मी शनिवारी स्वतः बसतो. डबी भावाने घरातून हलवली आहे.