बहिणीच्या बाळंतपणानंतर मनाच्या डॉक्टरला दाखवायचंय, सोलापुरात कुठं जाऊ? मदत हवी आहे

नमस्कार. इथं पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. आईचं घर बाळीवेशीत, मी जुळे सोलापूरला राहते आणि रोज ऑफिस सुटलं की तिकडं जाते. बाळ आता सात आठवड्यांचं आहे, तब्येतीनं छान आहे, वजन पण चांगलं वाढतंय. काळजी बहिणीची आहे, आणि घरात मी सोडून कुणालाच ती काळजी वाटंना.

खरं तर सुरुवात डिलिव्हरीच्या आधीच झालती. सातव्यात डोहाळजेवण केलं, हिरवी साडी, फुलांचे दागिने, फोटोत सगळीकडं हसलीय, आणि नंतर आतल्या खोलीत येऊन मला म्हणाली, ताई मला काहीच वाटंना गं, आनंद पण नाही आणि भीती पण नाही. मी म्हटलं दमलीयस, झोप जरा. तेव्हा मी नीट ऐकून घ्यायला हवं होतं, हे रोज मनात येतं. दर महिन्याला तपासणी होत होती, बीपी, शुगर, सोनोग्राफी सगळं नॉर्मल, पण मन कसं आहे हे कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

आता रात्री बाळ झोपलं तरी ही झोपत नाही. त्याच्या छातीवर हात ठेवून बसून राहते, श्वास चालू आहे का बघत. दोन वाजता उठून धुतलेली दुपटी परत धुवायली. दिवसा मात्र बाळ रडलं की भिंतीकडं तोंड करून पडते, आईनंच उचलून अंगाशी लावायचं. आणि परवा कपाट सरकवलं तर मागं पेपरात गुंडाळलेले डिंकाचे लाडू सापडले, मोजले तर अकरा होते. आई रोज सकाळी एक हातात देते आणि ही खाल्ला म्हणते. मी ते आईला दाखवले नाहीत, तिनं किती मेहनतीनं केलेत ते मला माहितीय.

त्यात हा एप्रिल. बाहेर बेचाळीस डिग्री आणि आत खिडक्या बंद, कानाला रुमाल, दोन वेळा शेगडी. सव्वा महिना होऊन गेला तरी आई सोडंना. आईचा जीव आहे तिच्यावर, म्हणून मी भांडत नाही. सिद्धेश्वराचा अंगारा आणून लावला, शेजारच्या काकू म्हणाल्या बाहेरचं बघून घ्या, म्हणून मीठमोहऱ्या पण झाल्या. दीड महिन्याच्या डोसला गेलो तिथं डॉक्टरांनी बाळाबद्दल सगळं विचारलं, ही शेजारी बसून रडायली होती, तर म्हणाले होतं असं, पहिलटकरीण आहे.

खरं भीती वाटायचं कारण हे, की रविवारी ती मला अगदी शांतपणे म्हणाली, मी नसले तरी तुम्ही दोघी ह्याला वाढवाल ना. मी काय बोलू सुचलंच नाही. आणि पुढच्या शनिवारी तिच्या सासरचे बार्शीहून न्यायला येणारेत. जावई चांगले आहेत, पण पुण्याला असतात, त्यांना फोनवर काय आणि कसं सांगू?

सोलापुरात बायकांशी नीट बोलणारे मानसोपचाराचे डॉक्टर कुठं मिळतील, सरकारी चालेल, खर्च फार झेपणार नाही. गोळ्या दिल्या तर बाळाचं अंगावरचं दूध तोडावं लागतं का? आणि ऍडमिट केलं तर बाळाला तिच्यापासून लांब ठेवतात का, ह्या भीतीनंच आई दवाखान्याचं नाव काढू देईना. प्लीज कुणीतरी सांगा.

प्रतिसाद

ताई, बाकीचं नंतर वाचा, आधी हे करा. ती जे रविवारी बोलली ते सहज बोललेलं समजू नका. शनिवारची वाट बघू नका, उद्याच दाखवा, आणि तोपर्यंत तिला एकटीला ठेवू नका, रात्री पण कुणीतरी जवळ झोपा, औषधं-बिषधं हाताशी ठेवू नका. आत्ता लगेच १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस आहे, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाईन, फुकट, चोवीस तास चालू, मराठीत बोलतात. तुम्ही स्वतः पण करू शकता, पेशंटनंच केला पाहिजे असं नाही. आणि तिला सरळ विचारा, मरायचे विचार येतात का गं. विचारल्यानं डोक्यात नवीन काही भरत नाही, उलट माझ्या वेळी माझ्या जावेनं असं विचारलं तेव्हाच मी पहिल्यांदा पोटातलं बोलले. ती एकदम विचित्र बोलायला लागली, कुणाचे आवाज ऐकू येतात म्हणाली किंवा बाळाबद्दल भलतंच काही म्हणाली, तर मात्र त्याच तासाला सिव्हिलच्या इमर्जन्सीला, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

प्रतिसाद

मी नर्स आहे, सोलापुरातच. सिव्हिलला, म्हणजे आपल्या वैशंपायन मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला, मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जा, केसपेपर काढा, डिलिव्हरीची फाईल आणि बाळाचं कार्ड बरोबर घ्या. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येतं ते बहुतेकींना येतं आणि दोन आठवड्यांत आपोआप जातं. सात आठवडे झाले म्हणजे हे ते नाही. आणि गरोदरपणातच सुरू होतं हे पण खरं आहे, तुमच्या बहिणीचं तसंच दिसतंय.

तिथं बहुतेक दहा प्रश्न विचारतील, एडिनबर्ग प्रश्नावली म्हणतात, १९८७ पासून जगभर वापरतात, मागच्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारतात. तीसपैकी मार्क असतात, तेरा किंवा जास्त आले तर नीट तपासणी हवीच, पण शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे, त्याचं उत्तर हो आलं तर बाकी मार्क कितीही असू देत. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन करून घ्याच, बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडलं तरी असंच होतं.

दुधाचं म्हणाल तर बहुतेक वेळा तोडावं लागत नाही. सर्ट्रालीन नावाची गोळी पाजणाऱ्या आयांना बऱ्याचदा देतात कारण दुधात ती फार कमी उतरते, पण कुठली आणि किती हे डॉक्टरच ठरवणार, आणि गोळीचा गुण यायला दोनेक आठवडे तरी जातात, मधेच आपल्या मनानं बंद करू नका. आईला हे पण सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच लिहिलंय, आई ऍडमिट असेल आणि मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर साधारणपणे दोघांना वेगळं करायचं नाही, फारच धोका असेल तर गोष्ट वेगळी. बेंगळुरूच्या निम्हान्समधे तर २००९ पासून आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवायचा वेगळा वॉर्डच आहे.

धागाकर्ती, पाच दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. त्याच रात्री मी गच्चीवर जाऊन १४४१६ ला बोलले आणि तिथून खाली येऊन बहिणीला विचारलं. तिनं हो म्हटलं. मग आईसमोर ते अकरा लाडू ठेवले, दुसरं काही बोलावंच लागलं नाही. आई दुसऱ्या दिवशी स्वतः पिशवी भरून तयार होती.

सिव्हिलला नंबर यायला दोन तास लागले, बाकड्यावर बसून तिनं ओढणीखाली बाळाला पाजलं. डॉक्टरबाईंनी आम्हाला बाहेर काढून आधी तिच्याशी एकटीशी बोलणं केलं, चांगला अर्धा तास. हिमोग्लोबिन कमी निघालं, थायरॉईडचा रिपोर्ट यायचाय. गोळी सुरू केलीय, एकटं ठेवायचं नाही म्हणून बजावलंय, पुढची तारीख आठवड्यानंच आहे. दूध चालू ठेवायचं का हे आईनंच विचारलं, हो म्हणाल्या. जावयांना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं, ते शुक्रवारी सुट्टी टाकून आले आणि बार्शीला त्यांनीच कळवलं की आत्ता न्यायचं नाही. शेगडी बंद आहे, खिडकी उघडी आहे. तिच्यात लगेच काही फरक नाही, कालपण खूप रडली, पण लपवत नाहीये.

आता एक विचारायचं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या रात्री तिला सलग चार-पाच तास झोप मिळालीच पाहिजे, म्हणून अकरा ते चार बाळ आईकडं आणि माझ्याकडं ठेवायचं ठरवलंय. मधल्या एका वेळेचं दूध आधी काढून ठेवावं लागेल. आपल्याकडच्या ह्या उन्हाळ्यात ते थेट फ्रीजमधेच ठेवायचं ना, आणि पाजताना वाटी-चमच्यानं पाजलं तर चालेल का? कुणी केलं असेल तर सांगा, आज रात्रीपासूनच सुरू करायचंय.